शिक्का झाला, मोर्तब राहिलं: पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याविषयी

आजचा विषय वाचून दोन-तीन जणांनी आम्हाला दारातच गाठलं आणि विचारलं, "पेनड्राइव्ह काढायचा कसा, यावर तासभर काय बोलणार भो? धरायचा आणि ओढायचा!" प्रश्न रास्त आहे. जळगावला हेच व्याख्यान झालं तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. आणि खरं सांगायचं तर दहापैकी नऊ वेळा धरून ओढला तरी काहीही होत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. नऊ वेळा काही झालं नाही, की आपली खात्रीच पटते की हे 'सेफली रिमूव्ह' वगैरे कंपनीवाल्यांनी उगाच लावून दिलेलं शास्त्र आहे. मग दहाव्या वेळी जे जातं, ते नेमकं एकुलतं एक असतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पुष्कळ लोकांना वाटतं, की चालू कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्ह ओढला तर विजेचा झटका बसून तो जळतो. तसं नाही. यूएसबीचा आराखडा १९९६ साली जाहीर झाला. इंटेलमध्ये ज्या गटाने त्यावर काम केलं त्यात अजय भट्ट हे आपल्या शेजारच्या बडोद्यात शिकलेले अभियंते प्रमुख होते. मशीन चालू असतानाच वस्तू लावता आणि काढता आली पाहिजे, ही त्यातली एक मूळ अटच होती. पेनड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहा. चार पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन पट्ट्या विजेच्या, पाच व्होल्टच्या. आतल्या दोन माहितीच्या. बाहेरच्या दोन साधारण एक मिलिमीटर लांब ठेवल्या आहेत. त्यामुळे लावताना आधी वीज जोडली जाते आणि मग माहिती, आणि काढताना आधी माहिती तुटते, मग वीज. इतका बारीक विचार त्यात केलेला आहे. म्हणजे ओढल्याने विजेच्या बाजूने धोका जवळपास नाही. धोका आहे तो लिखाणाच्या बाजूने.

आता लिखाण म्हणजे काय, ते समजून घेऊ. आपण धुळ्यात बसलो आहोत, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली याच गावात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही इथेच उभं राहिलं. तुमच्यापैकी कुणी मोडी शिकलं असेल तर त्यांना ठाऊक आहे, की जुन्या राजपत्राला दोन ठिकाणी मुद्रा असायची. वरती शिक्का. आणि मजकूर संपला की शेवटच्या ओळीला लागून मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांत हे मोर्तब 'मर्यादेयं विराजते' असं असतं. पेशवाईत 'लेखनसीमा' अशी मुद्रा दिसते. अर्थ एकच, लिहिणं इथे संपलं, याच्या खाली कुणी काही वाढवलं तर ते आमचं नाही. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो तो इथूनच आला. शिक्का आहे पण मोर्तब नाही असा कागद हाती आला, तर तो पुरा झालेला कागद आहे की मसुदा आहे, शेवटचं पान गहाळ आहे का, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

पेनड्राइव्हवर अगदी हेच चालतं. तुम्ही फाइल कॉपी केलीत, हिरवी पट्टी शंभर टक्क्यांना पोचली, खिडकी बंद झाली. हा झाला शिक्का. 'इजेक्ट' म्हणजे मोर्तब. बहुतेक माणसं शिक्का पाहून कागद उचलतात.

पट्टी भरली तरी काम का संपलेलं नसतं? कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे रॅम, भयंकर वेगवान असते. सेकंदाला हजारो एमबी ती सहज हाताळते. याउलट साधा यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह घ्या. कागदावर त्याचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी सेकंदाला. प्रत्यक्षात स्वस्तातला पेनड्राइव्ह लिहिताना पाच-दहा एमबीवर रडतो. दोघांची चाल इतकी वेगळी असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम मधला मार्ग काढते. माल आधी मेमरीत उतरवून घेते, तुम्हाला सांगते "झालं", आणि मग मागच्या मागे सावकाश पेनड्राइव्हवर पोचवत राहते. कापसाची ट्रॉली जिनिंगच्या काट्यावर झाली, पावती हातात आली, म्हणून कापूस गोदामात पडला असं होत नाही ना? तसंच. या मधल्या साठ्याला 'राइट कॅश' म्हणतात.

यातली एक गंमत आमच्या मते सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. हुशार माणूस म्हणतो, "मी कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हमधली फाइल उघडून पाहिली, व्यवस्थित उघडली, मग काढला." उघडणारच! कारण नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटर बहुधा मेमरीतूनच दाखवतो. पेनड्राइव्हवर काय उतरलं आहे ते तुम्ही पाहिलेलंच नसतं. खरी तपासणी करायची तर इजेक्ट करायचं, पेनड्राइव्ह काढायचा, पुन्हा लावायचा आणि मग फाइल उघडायची. व्हिडिओ असेल तर सरकवून शेवटचा मिनिट पाहायचा.

आता दुसरी गोष्ट, यादीची. दफ्तरखान्यात कागद रुमालात बांधून ठेवतात आणि कुठल्या रुमालात काय आहे याची यादी वेगळी असते. पेनड्राइव्हवरही तसंच आहे. तुमचा फोटो, गाणं, प्रोजेक्ट हा झाला कागद. तो छोट्या छोट्या तुकड्यांत ठेवलेला असतो. कुठल्या नावाची फाइल, किती मोठी, तिचा पहिला तुकडा कुठे, त्यानंतरचा कुठे, ही यादी निराळ्या जागी. एक फाइल लिहायची म्हणजे कागद ठेवायचा आणि यादीत दोन-तीन जागी नोंदी करायच्या. या नोंदींच्या मधोमध तुम्ही ओढलंत, तर तऱ्हेतऱ्हेचे घोळ होतात. नाव दिसतं पण फाइल शून्य केबीची. आकार बरोबर पण आत कचरा. किंवा कागद जागेवर सुखरूप आहे पण यादीत नावच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यादीचं पानच फाटतं. मग नवी फाइल तर गेलीच, पण तीन वर्षांपूर्वी ठेवलेल्या, आज तुम्ही हातही न लावलेल्या फाइलीही दिसेनाशा होतात. लोकांना हे पटत नाही. "मी तर एकच बायोडाटा टाकत होतो, सगळे फोटो कसे गेले?" म्हणून विचारतात. यादी सगळ्यांची एकच असते, म्हणून गेले.

यादी ठेवण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. जुनी फॅट-३२ ही साधीभोळी पद्धत, पण ती यादीच्या दोन प्रती ठेवते. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचे व्हिडिओ देणारे फोटोग्राफर एक्सफॅट वापरतात. एक्सफॅट सहसा यादीची एकच प्रत ठेवते. ज्या पेनड्राइव्हवर लग्न आहे, तोच ओढाताणीला जास्त नाजूक. एनटीएफएसमध्ये मात्र रोजकीर्द असते, बदल करण्याआधी तो वहीत टिपून ठेवला जातो. त्यामुळे यादी सहसा वाचते. पण आतला मजकूर पुरा उतरला होता की नाही, याची हमी तीही देत नाही.

आणि मोर्तब? तेही अक्षरशः आहे बरं का, आम्ही नुसती उपमा देत नाही. फॅटसारख्या पद्धतीत पेनड्राइव्हवर एक छोटीशी खूण असते. लिखाण सुरू झालं की "काम चालू आहे" अशी ती खूण केली जाते. तुम्ही नीट इजेक्ट केलंत की ती पुसली जाते. न पुसता ओढलात तर तशीच राहते. पुढच्या वेळी विंडोजला ती दिसते आणि म्हणूनच तो विचारतो, "या ड्राइव्हमध्ये काहीतरी अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का?" मागच्या वेळी मोर्तब झालं नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. लोक तो प्रश्न कटकट समजून बंद करतात आणि पुन्हा तसाच ओढतात.

जळगावच्या व्याख्यानात एका तरुणाने आम्हाला बरोबर पकडलं होतं. तो म्हणाला, "सर, आता मायक्रोसॉफ्टच म्हणतं की सेफली रिमूव्ह करायची गरज नाही." त्याचं निम्मं खरं आहे. २०१८ च्या अखेरीस विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून लावायच्या साठवणीसाठी मूळ सेटिंग बदलून 'क्विक रिमूव्हल' केलं. म्हणजे मेमरीत माल साठवून ठेवायचा नाही, लगेच पोचवायचा. वेग थोडा कमी, पण ओढलं तर धोका कमी. त्याआधीच्या आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार, 'बेटर परफॉर्मन्स' हे मूळ सेटिंग होतं आणि तिथे इजेक्ट करणं सक्तीचं आहे. आता तुम्हीच सांगा. तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन कॉलेजजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जाता. तिथल्या मशीनवर विंडोज ७ आहे की ११? त्या भाऊने वेग वाढवायला सेटिंग बदललंय का? तुम्हाला माहीत नसतं. आणि क्विक रिमूव्हल असलं तरी लिखाण चालू असताना ओढायची परवानगी कुणीच दिलेली नाही. पुन्हा मागे अँटीव्हायरस तपासत असेल, एखादा प्रोग्रॅम फाइल धरून बसला असेल, ते पट्टीत दिसत नाही. त्यामुळे तो तरुण घरच्या स्वतःच्या मशीनवर न इजेक्ट करता काढत असेल तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. बाहेरच्या मशीनवर मात्र आम्ही दर वेळी इजेक्ट करतो.

लिनक्सवाल्यांनी तर जास्तच जपावं. तिथे माल मेमरीत साधारण ३० सेकंद पडून राहू शकतो, मोठी फाइल असेल तर त्याहूनही बराच वेळ. मोठा व्हिडिओ पाहता पाहता कॉपी झाल्यासारखा दिसतो, आणि इजेक्ट दाबलं की मग दोन-तीन मिनिटं "थांबा, लिहिणं चालू आहे" असा निरोप येतो. लोक म्हणतात मशीन हँग झालं. हँग नाही, उलट ते प्रामाणिकपणे उरलेलं काम करत आहे. तेवढं थांबा.

प्रत्यक्ष कृती फारशी नाही. उघडलेली फाइल आधी बंद करा. सेव्ह नाही, बंद. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ पेनड्राइव्हचं चिन्ह असतं, दिसत नसेल तर वर टोक असलेल्या छोट्या बाणामागे दडलेलं असतं. ते दाबून आपला ड्राइव्ह निवडायचा. किंवा 'धिस पीसी' मध्ये ड्राइव्हवर उजवं बटण दाबून इजेक्ट. "आता काढायला हरकत नाही" असा निरोप आला की काढायचा. मॅकवर फाइंडरमध्ये नावाशेजारी इजेक्टचा बाण असतो. मोबाइलला ओटीजीने लावला असेल तर सेटिंगमध्ये स्टोरेजखाली, नाहीतर वरून खाली ओढलेल्या सूचनांमध्ये इजेक्ट सापडतो. मोबाइलवर हे करणारा माणूस आम्हाला अजून विरळाच भेटला आहे.

खरा वैताग येतो तो "डिव्हाइस वापरात आहे, आत्ता काढता येणार नाही" हा निरोप आल्यावर. इथे माणसाचा धीर सुटतो. मागे रांग आहे, दुकानदार घाई करतोय, दे ओढून! इथे जरा थांबून विचार करा, की कुणीतरी कागद हातात धरून बसलंय म्हणून तो मोर्तब करू देत नाहीये. कोण धरून बसलंय? बहुधा वर्ड किंवा पीडीएफचा प्रोग्रॅम. फाइल बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच असतो, तो पूर्ण बंद करा. मग ज्या खिडकीत पेनड्राइव्ह उघडला होता ती बंद करा. प्रिंट दिली असेल तर प्रिंट पुरी होऊ द्या. अँटीव्हायरस तपासत असेल तर अर्धा मिनिट जाऊ द्या. तरीही ऐकत नसेल आणि तुम्हाला हौस असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिमच्या नोंदी उघडा. तिथे कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद असते आणि तीत चक्क नाव लिहिलेलं असतं, की अमुक प्रोग्रॅमने काढणं अडवलं. एवढी खटपट नको असेल तर साइन आउट करा. तेही नाही जमलं तर मशीन बंद करा आणि मग काढा. पाच मिनिटं जातील, पण त्याच्या पलीकडे काही जाणार नाही.

बाहेरची हार्ड डिस्क हे वेगळं प्रकरण आहे. पेनड्राइव्हमध्ये काही फिरत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेते आणि वाचणारी टोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतात. केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सासुद्धा त्यापुढे जास्त. इजेक्ट केलं की टोकं शिस्तीत बाजूला जाऊन बसतात आणि तबकडी थांबते. वायर ओढली तर डिस्क, फिरत्या तबकडीतून मिळणाऱ्या उरल्यासुरल्या विजेवर टोकं घाईघाईने मागे घेते. रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यासारखं. एकदा-दोनदा चालतं, रोज नाही. म्हणून इजेक्ट झाल्यावरही हात ठेवून पाहा, थरथर थांबली का. मगच उचला. स्टुडिओवाले भाऊ इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो, चालू डिस्क टेबलावरून इकडून तिकडे सरकवणं हे ओढण्यापेक्षाही वाईट.

आणि आपल्याकडे दरवेळी माणूसच ओढतो असं कुठे आहे? लाइट ओढते! भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते आणि आसपासच्या गावांत लाइट कधी जाईल याचा नेम नाही, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर लाइट जाणं म्हणजे सगळे पेनड्राइव्ह, सगळ्या डिस्क एकदम ओढणं. छोटा यूपीएस काही मिनिटंच देतो. त्या मिनिटांत लोक काय करतात? उरलेली कॉपी पुरी व्हायची वाट पाहतात. आमचं म्हणणं उलटं आहे. लाइट गेली की कॉपी थांबवा, इजेक्ट करा, मशीन बंद करा. कॉपी पुन्हा करता येते. मोठं काम असेल तर लॅपटॉपवर करावं, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

आता ज्याच्यामुळे हा विषय आम्ही घेतला ते सांगतो. मागच्या एका पावसाळ्यात अमळनेरकडचा एक मुलगा आमच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आला. आजीने म्हटलेली कानबाईची गाणी त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. अहिराणीत, सात फाइली. मोबाइल भरत आला म्हणून एका दुकानात ती पेनड्राइव्हवर टाकली, पट्टी भरली, दुकानातल्या पोराने ओढून हातात दिला. यानेही विश्वासाने मोबाइल मोकळा केला. पुढे आजी गेली. श्रावणात कानबाई बसवायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी पेनड्राइव्ह लावला, तर सात नावं दिसत होती आणि त्यातल्या पाचांवर शून्य केबी. त्याच्या आईने आम्हाला एवढंच विचारलं, "आते काय व्हई?"

त्याने एक गोष्ट मात्र फार चांगली केली होती. "फॉरमॅट करायचं का?" या प्रश्नाला त्याने हो म्हटलं नव्हतं आणि त्यावर दुसरं काहीही टाकलं नव्हतं. त्यामुळे यादी फाटली असली तरी कागद शोधायला वाव होता. आम्ही आधी अख्ख्या पेनड्राइव्हची एक प्रतिमा, म्हणजे बिटला बिट नक्कल, हार्ड डिस्कवर काढून घेतली. मग त्या नकलेवर फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने शोध घेतला. हा प्रोग्रॅम यादी बघतच नाही, कागदाच्या सुरुवातीचं वळण ओळखून कागद गोळा करतो. पाचपैकी दोन गाणी पूर्ण मिळाली. एक मध्येच तुटतं. दोन मिळालीच नाहीत, कारण ती पेनड्राइव्हवर कधी उतरलीच नव्हती, मेमरीतच होती आणि ओढताक्षणी संपली होती. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठलाही रिकव्हरीवाला आणून देऊ शकत नाही. पैसे घेऊन कुणी तसं सांगत असेल तर सावध राहा.

म्हणून, असं कधी झालंच तर काय करायचं तेही याच ओघात सांगून टाकतो. फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. "स्कॅन करून दुरुस्त करू का" विचारलं, आणि आत एकुलती एक वस्तू असेल, तर त्यालाही लगेच हो म्हणू नका. जे दिसतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. विंडोजची दुरुस्ती यादी नीट करते, कागद वाचवायची जबाबदारी तिची नाही. कधी कधी ती बेवारस तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके अशा नावाने टाकून मोकळी होते. एकुलती एक वस्तू नसेल तर खुशाल दुरुस्ती करू द्या. आणि पेनड्राइव्ह शून्य बाइटचा दिसत असेल, किंवा "आत मीडिया नाही" म्हणत असेल, तर घोळ यादीच्याही आतला आहे. पेनड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलरचा स्वतःचा एक हिशेब असतो, फ्लॅशच्या कुठल्या खणात काय ठेवलं याचा. तो हिशेब लिहिता लिहिता वीज गेली तर असं होऊ शकतं. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडी. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती लिहून ठेवली, १९५१ साली बहिणाबाई गेल्या, ती वही अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ साली पुस्तक आलं. एक वही होती म्हणून आज ती गाणी आहेत. तिची दुसरी प्रत होती का, हा विचार मनात आला की आजही पोटात गोळा येतो. तेव्हा मोर्तब कराच, पण आजीच्या आवाजासारखी वस्तू एका पेनड्राइव्हवर ठेवून मूळ पुसू नका. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. पेनड्राइव्ह हे न्यायचं-आणायचं साधन आहे, कपाटात दहा वर्षं ठेवायचं नाही. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार, आणि तो उष्णतेत लवकर गळतो. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याचं छत, लोखंडी कपाट, त्यात पेनड्राइव्ह. अजून काय सांगावं!

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राइव्ह लावलेला असतो. दिवसातून दहादा काढतो. तिथे इजेक्ट कुठे करायचा?)

नाना, तिथे बिनधास्त काढा. ट्रॅक्टरचा किंवा गाडीचा टेप फक्त वाचतो, लिहीत नाही. जिथे लिखाण नाही तिथे मोर्तबाचा प्रश्न नाही. गाणं थांबवून काढा एवढंच, आणि सरळ काढा, वाकडा ओढून पोर्ट ढिला करू नका. मात्र त्याच पेनड्राइव्हवर मुलीचे दाखले ठेवू नका. धूळ आणि धक्के यांचा इजेक्टशी काही संबंध नाही, ते त्यांचं काम करतातच.

(प्रश्न: सेफली रिमूव्ह करूनही आमचा मोठा पेनड्राइव्ह बिघडला. फाइली उघडतच नाहीत. फार स्वस्त मिळाला होता.)

स्वस्त म्हणजे किती, ते विचारत नाही. बाजारात असे पेनड्राइव्ह मिळतात, की ज्यांच्यात जागा थोडी असते आणि ते कॉम्प्युटरला खोटंच सांगतात की जागा भरपूर आहे. खरी जागा भरली की पुढचा माल कुठेच जात नाही, किंवा जुन्यावर लिहिला जातो. यादी मात्र सुरेख दिसते. तिथे मोर्तबही खोटं. नवीन पेनड्राइव्ह आणला की एकदा पूर्ण भरून, काढून, पुन्हा लावून, शेवटच्या फाइली उघडून पाहाव्यात.

(प्रश्न: दुकानात चोरी झाली होती. डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर फुटेज घेतलं, पोलीस ठाण्यात लावलं तर उघडेना. डीव्हीआरमध्ये तर इजेक्टचं बटणच सापडत नाही.)

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण डीव्हीआर आपल्या डिस्कवर जुन्यावर नवं लिहीत जातो. काही दिवसांनी ते फुटेज मुळातच उरत नाही. म्हणून घाई करू नका. आधी कॅमेऱ्याची वेळ बरोबर आहे का पाहा आणि फक्त लागणारा कालावधी निवडा, अख्खा दिवस नको. पेनड्राइव्ह रिकामा घ्या. बहुतेक डीव्हीआर फॅट-३२ ओळखतात. बॅकअप पूर्ण झाल्याचा निरोप आल्यावरही पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा, मेनूमधून पूर्ण बाहेर या, आणखी एखादा मिनिट जाऊ द्या, मग काढा. काही मेनूंमध्ये यूएसबी किंवा स्टोरेजखाली इजेक्ट असतो, तोही शोधा. पुढे दुकानातच लॅपटॉपला लावून फाइल शेवटपर्यंत चालवून पाहा. काही कंपन्यांचं फुटेज साध्या प्लेअरवर चालत नाही, त्यांचा स्वतःचा प्लेअर लागतो. तो डीव्हीआर बहुधा त्याच पेनड्राइव्हवर देतो, तोही सोबत द्या. कदाचित तुमचं फुटेज नीट असेल आणि ठाण्यात फक्त प्लेअर नसेल. तो पेनड्राइव्ह अजून तुमच्याकडे आहे ना? मग त्यावर काही टाकू नका, आणि आज इथून गेल्यावर आधी डीव्हीआरमध्ये ती तारीख अजून शिल्लक आहे का तेवढं पाहा.